बॅलर्डच्या पाऊसबागा: पाणी जिरलंच नाही तेव्हा

२०१० सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या बॅलर्ड भागात रस्त्याकडेला नव्याने केलेल्या पाऊसबागांमध्ये पाणी तुंबून राहिलं. रस्त्यावरून वाहत येणारं पाणी या उथळ, झाडं लावलेल्या खळग्यांत उतरावं आणि काही तासांत जमिनीत जिरावं, अशी त्यांची रचना होती. काही बागांत तसं झालंही. काहींत पाणी फार सावकाश उतरलं. आणि काहींत ते दिवसच्या दिवस हललंच नाही. घरासमोर गढूळ डबकं, त्यात बुडालेली नवी रोपं आणि दारात उभी संतापलेली माणसं. लहान मूल त्यात पडलं तर काय, ऊब आली की डास होतील त्याचं काय, गाडी लावायची जागा गेली आणि बदल्यात हे मिळालं, अशा तक्रारी शहराच्या पाणी-सांडपाणी खात्याकडे, म्हणजे सिॲटल पब्लिक युटिलिटीजकडे, येऊ लागल्या.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं आहे. पाऊसबागांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा फुललेल्या बागेचा फोटो आणि झाडांची यादी इथे संपतं. पण पाऊसबाग चालणार की नाही हे झाडांवर ठरत नाही. ते ठरतं फूट-दोन फूट खालच्या जमिनीवर आणि त्या बागेसमोर रोज राहणाऱ्या माणसांवर. बॅलर्डमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात उघड्या पडल्या. शिवाय हे शहर या कामात नवखं नव्हतं, म्हणून तर हे प्रकरण जास्त शिकवणारं आहे.

शहराला बागा का हव्या होत्या

सिॲटलच्या जुन्या भागांत घरातलं सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं. कोरड्या दिवसांत हे सगळं शुद्धीकरण केंद्रापर्यंत नीट पोहोचतं. जोराचा पाऊस झाला की पाइप भरतो, आणि पाणी उलटं लोकांच्या तळघरांत शिरू नये म्हणून ठरावीक ठिकाणी ते बाहेर सोडून द्यावं लागतं. बॅलर्डमध्ये ते जातं सॅमन बे आणि शिप कॅनॉलमध्ये, म्हणजे पुढे प्युजेट साउंड या जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या भागात. त्यात पावसाच्या पाण्याबरोबर मैलापाणीही असतं, कुठलीही प्रक्रिया न केलेलं. वॉशिंग्टन राज्याचा नियम असा आहे की अशा प्रत्येक तोंडातून सरासरी वर्षाला एकदाच पाणी बाहेर पडावं. सिॲटलची अनेक तोंडं त्याच्या कितीतरी वर होती. २०१३ मध्ये शहराला आणि किंग काउंटीला, म्हणजे सिॲटल ज्यात येतं त्या जिल्ह्याला, केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेबरोबर न्यायालयामार्फत करार करून हे ओव्हरफ्लो आटोक्यात आणायची हमी द्यावी लागली. २०१० मध्येच तो दबाव दिसू लागला होता.

यावर मुख्य मार्ग दोन. जास्तीचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत किंवा बोगद्यात साठवायचं आणि पाऊस ओसरला की हळूहळू शुद्धीकरणाला पाठवायचं, हा एक. पाणी गटारापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही, जिथे पडलं त्याच्या जवळच जिरवायचं, हा दुसरा. पाऊसबाग हा दुसऱ्या मार्गाचा भाग.

ही कल्पना आजच्या रूपात १९९० मध्ये मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आकाराला आली. सॉमरसेट नावाची वसाहत उभारताना बिल्डर डिक ब्रिंकर आणि काउंटीचे अभियंता लॅरी कॉफमन यांनी मोठ्या तलावाऐवजी प्रत्येक घराच्या आवारात तीन-चारशे चौरस फुटांची एक बाग ठेवली. सिॲटलने हाच विचार रस्त्यावर आणला. शहराच्या वायव्य भागात सेकंड ॲव्हेन्यूचा एक तुकडा २००१ मध्ये संपूर्ण नव्याने बांधला गेला. रस्ता अरुंद केला, त्याला वळणं दिली, दोन्ही बाजूंना खोलगट हिरवे पट्टे केले, शंभरेक सदाहरित झाडं आणि हजाराच्या वर झुडपं लावली. वॉशिंग्टन विद्यापीठाने तिथलं वाहून जाणारं पाणी मोजलं, तेव्हा ते ९८ टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. जगभरातले अभियंते हा रस्ता बघायला येऊ लागले.

बॅलर्ड तिथून फार तर काही किलोमीटर दक्षिणेला. एवढ्या जवळ इतका लखलखीत यशाचा दाखला असताना इथे पाणी का तुंबलं?

कर्बमधली फट

२००९ च्या मंदीत अमेरिकेच्या केंद्र सरकारने अर्थव्यवस्थेला चालना द्यायला मोठा निधी काढला होता. 'लगेच सुरू करता येईल' अशा कामांसाठी तो होता आणि त्याला मुदत होती. बॅलर्डच्या बागा त्यातल्या पैशांतून झाल्या. ही बाब छोटी वाटेल, पण पुढचं बरंच काही तिच्यातून निघालं. मुदत डोक्यावर असली की सर्वांत आधी कात्री लागते ती कुणाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांना. जमिनीची चाचणी आणि लोकांशी बोलणं ही दोन्ही त्याच जातीची कामं.

जागा निवडली ती फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीची. ही पट्टी शहराच्या मालकीची, पण तिच्यावरचं गवत कापतो समोरचा घरमालक, फुलझाडं लावली तर तोच लावतो. कागदावर सार्वजनिक आणि मनात स्वतःची, अशी ती जागा. त्या पट्टीत खड्डा खणायचा, मूळ माती काढून टाकायची, वाळू आणि कंपोस्ट यांचं मिश्रण भरायचं, पण काठापर्यंत नाही. वर काही इंच पाणी थांबेल एवढी खोली मोकळी ठेवायची. मग रस्त्याच्या कर्बला, म्हणजे कडेच्या सिमेंटच्या उंचवट्याला, एक फट पाडायची.

सगळा खेळ या फटीवर आहे, म्हणून ती जरा जवळून बघू. पाऊस पडला की रस्त्यावरचं पाणी मधल्या फुगवट्यावरून दोन्ही कडांना येतं आणि कर्बला चिकटून उताराने गटाराच्या जाळीकडे धावतं. फट असेल तर ते तिच्यातून बागेत वळतं. तोंडाशी दगड पसरलेले असतात, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो आणि माती उखडत नाही. पाण्याबरोबर आलेली रेती, टायरची पूड, सिगारेटची थोटकं, कुजलेली पानं तिथेच अडकतात. हे तोंड वर्षातून काही वेळा फावड्याने साफ केलं नाही तर गाळ फटीच्या उंचीला येतो आणि पाणी बागेला वळसा घालून सरळ गटारात जातं. बाग वरून हिरवीगार दिसत राहते आणि काम शून्य. अशा बागा मला धोकादायक वाटतात, कारण त्यांच्याबद्दल कुणी तक्रारच करत नाही.

बॅलर्डमध्ये मात्र तोंडं मोकळी होती. पाणी आत येत होतं. प्रश्न बाहेर जाण्याचा होता.

खालची जमीन

सिॲटल ज्या भूमीवर वसलंय ती बर्फाने घडवलेली आहे. सतराएक हजार वर्षांपूर्वी या भागावर सुमारे एक किलोमीटर जाडीचा बर्फ पसरला आणि पुढच्या काही शतकांत मागे हटला. बर्फ पुढे सरकत असताना त्याच्या पुढ्यात वाळू-रेतीचे थर पसरले गेले. मग त्यांच्यावरून बर्फ गेला आणि चिकणमाती, रेती, गोटे यांचं मिश्रण त्याच्या वजनाखाली दाबून ठेवून गेला. हा दाबलेला थर इतका घट्ट असतो की कुदळ लावली तर ठणकन आवाज येतो. त्यातून पाणी अतिशय सावकाश जातं. त्याच्या खाली वाळू आहे, आणि वाळूतून पाणी सरसर उतरतं.

हा घट्ट थर सगळीकडे सारख्या खोलीवर किंवा सारख्या जाडीचा असता तर काम सोपं होतं. पण एका घरासमोर तो दोन फुटांवर लागतो, चार घरं सोडून दहा फुटांवर, आणि कुठे मुळीच नसतो. त्यात गेल्या शंभर वर्षांत रस्ते, पाइप, घरांचे पाये यांसाठी खणून पुन्हा भरलेली जमीन. बॅलर्डची जमीन म्हणजे ठिगळाठिगळाची गोधडी आहे. आराखडा करताना गृहीत धरलेला मुरण्याचा वेग आणि एकेका बागेखालचा खरा वेग यांत फार फरक निघाला. पुरेशा ठिकाणी, पुरेशी खोल चाचणी झाली नव्हती. वर भरलेली वाळू-कंपोस्टची माती उत्तम होती, पण तिच्या तळाशी घट्ट थर लागला की ती बाग राहत नाही, हौद होतो.

यात ऋतूचाही वाटा आहे. सिॲटलचा पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल पडतो, थंडीत. तेव्हा झाडं निजलेली असतात, ऊन नसतं, पानांतून पाणी उडून जात नाही. जे आलं ते खालीच जायला हवं. पाऊस जोराचा नसतो, पण थांबत नाही. एका पावसाचं पाणी उतरेपर्यंत दुसरा येतो. उन्हाळ्यात खणलेल्या, कोरड्या जमिनीवर हिवाळ्याचा अंदाज बांधला तर तो चुकायला वेळ लागत नाही.

समोरचे लोक

तांत्रिक अहवालांत 'लोकसंवाद अपुरा पडला' असं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. मला तो इथे संपवायचा नाही, कारण बॅलर्डचे रहिवासी पर्यावरणाच्या विरोधात नव्हते. अनेकांना कल्पना आवडलीच होती. त्यांचा राग वेगळा होता. गटार भरून कालव्यात मैलापाणी जातंय हे त्यांना दिसत नव्हतं. ते घडत होतं दोन-तीन किलोमीटरवर. दारातलं डबकं मात्र रोज दिसत होतं. फायदा सगळ्या शहराचा, समुद्राचा, माशांचा. त्रास मात्र त्या एका घराचा. हे गणित ज्याच्या अंगावर येतं त्याला आधी विचारलं पाहिजे. पाणी किती वेळ थांबलं तर ते ठीक आणि कधी फोन करायचा, गाळ कोण काढणार, रोपं मेली तर कोण लावणार, पार्किंग किती जाणार, हे खणण्याआधी सांगितलं पाहिजे. बॅलर्डमध्ये बागा होऊन बसल्यावर लोकांना यातलं बरंच कळलं.

शहराने पुढे जे केलं त्याचं श्रेय द्यायला हवं. बागा चुकल्यात हे त्यांनी लपवलं नाही. रहिवाशांबरोबर बैठका झाल्या, प्रत्येक बागेतलं पाणी किती वेळात उतरतं ते तपासलं गेलं. जिथे काम होत होतं त्या ठेवल्या. काहींची खोली कमी केली, काहींच्या तळाला छिद्रांचे पाइप टाकून जास्तीचं पाणी पुढे काढून दिलं, आणि ज्या सुधारणं शक्यच नव्हतं त्या बुजवून पूर्ववत पट्टी करून दिली. सरकारी खात्याने स्वतःचं नवं काम वर्षाच्या आत बुजवणं ही सोपी गोष्ट नाही. माझ्या मते पुढच्या बागांना लोकांनी होकार दिला तो यामुळे.

दुसरा डाव: वेस्ट सिॲटल

बॅलर्डचा धडा सर्वांत नीट वापरला तो किंग काउंटीने, शहराच्या दुसऱ्या टोकाला. वेस्ट सिॲटलमधल्या बार्टन पंपिंग स्टेशनजवळ ओव्हरफ्लो होत होता. तो कमी करायला काउंटीने पंधरा ब्लॉकांवर, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या पंधरा तुकड्यांवर, ९१ रस्त्याकडेच्या पाऊसबागा केल्या; २०१५ पर्यंत त्या उभ्या राहिल्या. इथेही जमीन तीच, वर घट्ट थर. लोकांच्या तोंडी बॅलर्डचीच उदाहरणं होती, आणि सभांत ती विचारली गेली.

यावेळी रचनाच बदलली. वरची बाग पाणी गाळण्याचं काम करते. मातीतून उतरलेलं पाणी तळाच्या छिद्रांच्या पाइपात जमा होतं आणि तिथून खोल विहिरीसारख्या उभ्या पाइपात जातं. हा पाइप घट्ट थर भेदून खालच्या वाळूपर्यंत पोहोचलेला आहे. म्हणजे वर गाळणं आणि खाली मुरवणं ही दोन कामं वेगळी केली. घट्ट थराशी झगडण्याऐवजी त्याला ओलांडून जायचं ठरवलं. खर्च वाढला, हे उघड आहे. पण वाळू किती खोल आहे हे आधी बोअर घेऊन बघितल्याशिवाय अशी रचना करताच येत नाही. ज्या चाचणीला बॅलर्डमध्ये वेळ मिळाला नव्हता ती इथे रचनेचाच भाग झाली.

खासगी आवारांसाठी 'रेनवाइज' नावाची योजना २०१० पासून सुरू आहे. एकत्र गटारांच्या भागातल्या घरमालकाने छपराचं पाणी पाऊसबागेत किंवा टाकीत वळवलं तर खर्चाचा मोठा भाग, अनेकदा जवळपास सगळाच, परत मिळतो. काम प्रशिक्षण घेतलेल्या कंत्राटदारानेच करायचं आणि जमीन आधी तपासायची. पाणी मुरत नसेल तर बाग नाही, टाकी. रस्त्याच्या पट्टीत जो भांडणाचा मुद्दा होता तो इथे येत नाही, कारण बाग मालकाने स्वतः मागितलेली असते.

आता एक गोष्ट बागांच्या चाहत्यांनाही ऐकायला हवी. बॅलर्डपासून वॉलिंगफर्डपर्यंत शिप कॅनॉलच्या कडेने शहराला शेवटी बोगदा खणावाच लागला. लांबी ४.३ किलोमीटर, व्यास पावणेसहा मीटरच्या आसपास, आणि त्यात साधारण ११ कोटी लिटर पाणी साठू शकतं. पाऊसबागांनी त्याची गरज संपवली नाही. मोठ्या वादळाचं पाणी बागांनी झेलायचं नसतंच. त्यांचं काम रोजच्या, वारंवार येणाऱ्या पावसाचं. बाग की बोगदा असा वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक मला अर्धवट वाटतात. सिॲटलला दोन्ही लागले.

पाणी खरंच स्वच्छ होतं का

आतापर्यंत पाण्याच्या प्रमाणाबद्दल बोललो. पण रस्त्यावरच्या पाण्यात काय असतं, आणि माती त्याचं काय करते, याचा सर्वांत थेट पुरावाही याच भागातून आला आहे.

सिॲटलच्या शहरी ओढ्यांत, विशेषतः लाँगफेलो क्रीकमध्ये, कोहो जातीचे सॅमन मासे शरद ऋतूत समुद्रातून अंडी घालायला परत येतात. ओढे साफ केले, झाडं लावली, मासे परत येऊ लागले आणि पावसानंतर काही तासांत मरू लागले. तोंड उघडं टाकून, तोल जाऊन, पृष्ठभागावर गोल फिरत. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. काही वर्षी परतलेल्या माद्यांपैकी बहुतेक अशाच मेल्या. त्याच ओढ्यातल्या चम जातीच्या सॅमनला मात्र काही होत नसे.

संशोधकांनी सिॲटलमधल्या एका वर्दळीच्या महामार्गावरून वाहून येणारं पाणी गोळा केलं आणि सुकवामिश जमातीच्या मत्स्यकेंद्रात कोहोंना त्यात ठेवलं. सगळे मेले, चोवीस तासांच्या आत. मग तेच पाणी साठ भाग वाळू आणि चाळीस भाग कंपोस्ट भरलेल्या उभ्या नळकांड्यांमधून, म्हणजे पाऊसबागेतल्या मातीतूनच, गाळून घेतलं आणि दुसरे मासे त्यात सोडले. सगळे जगले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विष नेमकं कोणतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माती काय थांबवते आहे हे न कळताही ती थांबवत होती.

विष कळलं ते डिसेंबर २०२० मध्ये. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन सिक्स-पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायर झिजतो, पूड रस्त्यावर पडते, पाऊस ती ओढ्यात नेतो. झेन्यू तियान, एडवर्ड कोलोजी आणि सहकाऱ्यांनी टायरच्या पाण्यातल्या शेकडो रसायनांतून वगळत वगळत हे एक हुडकून काढलं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक टायरमध्ये ते आहे, पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या टायरांतही. आपल्याकडे कोहो नाहीत. कोणत्या जातीच्या माशाला ते बाधतं हे जातीगणिक बदलतं.

मातीचीही एक उणी बाजू आहे. भरपूर कंपोस्ट असलेल्या नव्या बागेतून सुरुवातीला फॉस्फरस, नायट्रेट आणि थोडं तांबंसुद्धा बाहेर पडतं. ओव्हरफ्लो किंवा तळाचा पाइप तलावात जात असेल तर त्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं. म्हणून वॉशिंग्टन राज्यात आता नवं मिश्रण वापरात आलं आहे: वाळू, नारळाच्या सोडणाचा भुसा आणि लाकडी कोळशासारखा कार्बनयुक्त पदार्थ. कोकणातल्या माणसाला यातली एक वस्तू तरी घरची आहे.

आपल्याकडे आणताना

सिॲटलला वर्षभरात साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, नंतर ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ते ५० धरलं गेलं. हे आकडे समोर ठेवले की तिथला नकाशा उचलून इथे लावता येत नाही हे कळतं.

तरी बाग निरुपयोगी ठरत नाही, तिचं काम वेगळं ठरतं. शंभर चौरस मीटर गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होतं. दहा चौरस मीटरच्या बागेत पंधरा सेंटिमीटर पाणी थांबू शकत असेल तर दीड हजार लिटर तिथेच मावतं, बाकीचं पाऊस चालू असताना मुरत जातं. शंभर मिलिमीटर पडला तर दहा हजार लिटर. तेव्हा बागेने ओव्हरफ्लोमधून बाजूला व्हायचं. पण घाण असते ती सुरुवातीच्या पाण्यात. जूनच्या पहिल्या सरींत रस्ते तेलाने निसरडे होतात, दुचाक्या घसरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते पहिलं पाणी बागेने घेतलं तरी नदीचं बरंच वाचतं. आणि ऋतू आपल्या बाजूने आहे. आपला पाऊस उबेत पडतो, झाडं वाढीला लागलेली असतात, पाणी ओढून घेतात. नंतर आठ महिने कोरडे काढावे लागतात, म्हणून वाळा, लव्हाळा, निर्गुडी यांसारखी दोन्ही सोसणारी झाडं हवीत.

सोसायट्यांमध्ये एक चूक मला फार काळजीची वाटते. पार्किंगचं पाणी जाळीतून सरळ रिचार्ज बोअरमध्ये सोडतात. गच्चीचं पाणी गाळून सोडणं वेगळं. गाड्यांखालून आलेलं तेलकट पाणी थेट भूजलात घालणं म्हणजे आजची घाण उद्याच्या टँकरला देणं. मध्ये दोन फूट मातीची बाग हवी. मात्र पावसाळी गटारात मैलापाणी मिसळत असेल, आणि ते अनेक ठिकाणी मिसळतं, तर ते आधी तोडावं. बाग मैलापाण्यासाठी नाही.

बॅलर्डचा प्रश्न आपल्याकडे काळ्या मातीच्या रूपात येतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा खड्ड्यात पाणी ओतलं तर ते भेगांतून क्षणात गडप होतं आणि वाटतं, काय जमीन आहे! जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर राहतं. तिच्या खाली मुरूम लागला तर तो चांगला झिरपतो. सरळ काळा पाषाण लागला तर नाही. एकाच सोसायटीच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही सापडू शकतं, विशेषतः बांधकामाचा राडारोडा भरून सपाट केलेल्या जागेत.

म्हणून चाचणीचा खड्डा मे महिन्यात घेऊ नये, जुलैत घ्यावा, चार-सहा दिवस पाऊस होऊन गेल्यावर. इमारतीच्या पायापासून तीन मीटर तरी लांब, फूटभर रुंद, दोन फूट खोल, आणि एक नाही, बाग जिथे जिथे करायची तिथे प्रत्येकी एक. काठोकाठ भरून एकदा पूर्ण उतरू द्यायचा, पुन्हा भरायचा, पट्टी उभी करून दर तासाला पातळी लिहायची. तासाला अडीच सेंटिमीटर उतरलं तर पंधरा सेंटिमीटर पाणी सहा तासांत जाईल, उत्तम. तासाला दोन मिलिमीटर उतरलं तर तेच पाणी पंचाहत्तर तास थांबेल, वर पाऊस चालूच असेल, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडाभर पुरतो. अशा जागी खाली मुरूम किती खोल आहे ते बघावं, तोही नसेल तर टाकी बसवावी. आणि खाडीजवळच्या किंवा भराव घातलेल्या जागेत खड्डा रिकामा असतानाच तळातून पाणी वर येताना दिसलं, तर तिथे भूजल आधीच भरलेलं आहे. तो खड्डा त्याच दिवशी बुजवावा.